प्रकल्प नोंदी : सगळं आभाळ माणच्या अक्षांशावर

१६ जून २०२५, सोमवार

शाळा उघडली आणि पहिल्याच मीटिंगमध्ये काम अंगावर आलं. आठवी ते दहावीच्या विज्ञान-भूगोलात पृथ्वी आणि अवकाशाचे जे धडे आहेत, त्यांच्यासाठी इंटरनेटवर काय मिळतं ते शोधायचं, वर्गात वापरून बघायचं आणि त्यातलं चांगलं तेवढं पेनड्राइव्हवर गोळा करायचं. ‘मॅडमना कॉम्प्युटरचं कळतं’ एवढ्या भांडवलावर हे माझ्याकडे. भूगोलाचे सर जोडीला आहेत, पण त्यांनी आधीच सांगून टाकलं, ‘मी नकाशे बघतो, तुम्ही आभाळ बघा.’

धडे मोजले. आठवीला ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’, ‘पृथ्वीचे अंतरंग’ आणि ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’. नववीला ‘अंतर्गत हालचाली’ आणि दुर्बिणींचा धडा. दहावीला ‘गुरुत्वाकर्षण’ आणि ‘अवकाश मोहिमा’.

साहित्य : लोकवर्गणीतून आलेला टीव्ही, चार कॉम्प्युटर (दोन चालू), रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. सरांनी सवयीनं वहीच्या पहिल्या पानावर शाळेचा पत्ता लिहिला : माण तालुका, सातारा जिल्हा, १७.७ अंश उत्तर, ७४.५ अंश पूर्व.

१९ जून

मिळत नाही ही अडचण नाही, मिळतं ते उपसून होत नाही ही आहे. काल रात्री घरी चाळीसेक पानं उघडून बसले. व्हिडिओ रंगीत आणि गुळगुळीत, सगळे इंग्रजीत, बहुतेक अमेरिकेतल्या पोरांसाठी केलेले. कुणी बनवलं, कधी बनवलं, याचा निम्म्या ठिकाणी पत्ता नाही. ती निम्मी पानं तिथल्या तिथं बंद केली. उरलेल्यांना दुसरी चाळणी : टाकीपासून वर्गापर्यंत नेता येतं का? म्हणजे डाउनलोड होऊन नेटशिवाय चालतं का? या चाळणीत भलेभले गळाले.

२४ जून

चंद्राच्या कलांचा एक व्हिडिओ आठवीला आवाज बंद करून दाखवला, मी मराठीत बोलत होते. कोर उभी, इंग्रजी डी अक्षरासारखी. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, आपल्याकडं चंद्र असा उभा कुठं असतोय? होडीगत आडवा असतोय की.’

मी गप्प झाले. पोरगं बरोबर होतं. आपल्या अक्षांशावर सूर्य-चंद्राचा मार्ग संध्याकाळी क्षितिजाशी बराच खडा असतो. मावळलेला सूर्य कोरीच्या जवळपास थेट खाली, म्हणून कोरीचा खालचा भाग उजळतो. चाळीस-पंचेचाळीस अंशांवरच्या गावात तो मार्ग वर्षातला बराच काळ कलंडलेला असतो, म्हणून तिथली कोर उभी दिसते. व्हिडिओ खोटा नाही, फक्त तो दुसऱ्या गावाचा आहे. इतकी वर्षं मीही फळ्यावर उभीच कोर काढत आलेय, आणि घरी जाताना आडवी बघत आलेय.

तेव्हा आजपासून तिसरी चाळणी : हे माणमधून असंच दिसतं का?

२७ जून

स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर दोन्ही कॉम्प्युटरवर बसवलं. एकदा बसवलं की नेट लागत नाही. पहिलं काम ठिकाण बदलण्याचं, सरांच्या पहिल्या पानावरचे दोन आकडे टाकले.

मग सहज ८ जून ही तारीख टाकली. गावात मृग लागतो तो दिवस. दुपारची वेळ. कीबोर्डवर ‘ए’ दाबलं की वातावरण नाहीसं होतं आणि भर दुपारी सूर्यामागचे तारे दिसतात. सूर्य वृषभेच्या शिंगांपाशी, आणि त्याच्या शेजारी दक्षिणेला मृगाचे चार खूर आणि पोटातला बाण. म्हणजे ‘मृग लागला’ याचा अर्थ सूर्य मृगाच्या वाटेवर आला. म्हणूनच पावसाच्या तोंडावर मृग रात्री दिसत नाही आणि हुरड्याच्या थंडीत रात्रभर दिसतो.

नववीतल्या एका मुलीच्या आजीला पंचांगातली पावसाची नक्षत्रं त्यांच्या वाहनांसकट पाठ आहेत. मुलगी म्हणाली, ‘आजीला आणू का दाखवायला?’ आण म्हटलं.

४ जुलै

आज पृथ्वी सूर्यापासून वर्षातली सर्वांत लांब. फळ्यावर फक्त एवढंच लिहिलं आणि विचारलं, मग आज थंडी का नाही? वर्गात दोन तट पडले. अर्धा तास वादावादी, टीव्ही लावलाच नाही. जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्याच्या सर्वांत जवळ असतो, तेव्हा दहिवडीत शेकोट्या पेटतात, हे त्यांचं त्यांनाच सुचलं. ऋतूंचं खरं कारण, म्हणजे पृथ्वीच्या आसाचा कल, नंतर आलं.

९ जुलै

सरांचा दिवस. नासाचं वर्ल्डव्ह्यू हे पान आहे, त्यावर उपग्रहांनी रोज टिपलेली पृथ्वी तारखेनुसार बघता येते आणि दोन तारखा शेजारी लावून मधली रेघ सरकवता येते. सरांनी एप्रिलचा एक आणि मागच्या सप्टेंबरचा एक मोकळा दिवस निवडला. रेघ सरकली तसा सह्याद्री तपकिरीचा हिरवा झाला, पण पूर्वेकडे आपल्या बाजूला येता येता तो हिरवा विरळ होत गेला.

मग जुलैतला एक दिवस लावला. घाटावर पांढरी भिंत, आपल्यावर फाटकी गोधडी. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, माणमध्ये पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच. पर्जन्यछायेचा प्रदेश हा शब्द मी शाळेत असताना घोकला होता. ही पोरं त्याच्यात राहतात, पण वरून त्यांनी तो आज पहिल्यांदा पाहिला. एकानं विचारलं, ‘मग आमचे टँकर पण वरनं दिसतील का?’ या पानावर नाही दिसणार, एवढं बारीक यात नसतं. त्यासाठी सरांनी इस्रोचं भुवन उघडून दिलं, तिथं पोरांनी आपापली विहीर आणि गोठा शोधला. तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही.

टाकीपाशी हॉटस्पॉट लावून हे सगळं केलं. दिवसाचा डेटा दुपारी दोनलाच संपला. वर्ल्डव्ह्यूची चित्रं आता तारीख घालून सेव्ह करून ठेवतेय.

१५ जुलै

शुभांशू शुक्ला आज अंतराळ स्थानकावरून परतले. २५ जूनला उड्डाण झालं तेव्हापासून दहावीत दुसरा विषय नाही. राकेश शर्मा गेले १९८४ मध्ये, म्हणजे या पोरांच्या आईबापांतलेही कित्येक तेव्हा जन्मले नव्हते.

अंतराळ स्थानक आपल्यावरून कधी जातं ते सांगणारं नासाचं ॲप आहे, ठिकाण टाकलं की वेळ आणि दिशा मिळते. तीन पहाटे आणि दोन संध्याकाळी पोरं छपरावर चढली. पाचही वेळा ढग. दुष्काळी तालुका म्हणायचा आणि नेमकं हवं तेव्हा आभाळ भरून यायचं.

पण त्या निमित्तानं प्रश्न मिळाला : तिथं ते तरंगतात, म्हणजे गुरुत्वाकर्षण नाही का? चारशे किलोमीटर उंचीवर गुरुत्व त्वरण जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतं. मग पडत का नाहीत? पडतातच, सतत पडतात, पण ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटरनं पुढे जाताना पडतात, म्हणून जमीन चुकते. हे तोंडानं सांगून कळत नाही. कोलोराडो विद्यापीठाच्या फेट सिम्युलेशनमध्ये उपग्रहाचा वेग कमीजास्त करून बघता येतो. एक फाइल उतरवली की नेट नको, आणि काही सिम्युलेशनं मराठीतही केलेली आहेत. पोरांनी पहिल्यांदा उपग्रह मुद्दाम पृथ्वीवर आपटवला. नंतर तासभर आपटणार नाही असा वेग शोधत बसली. पेनड्राइव्हवर पक्कं.

२२ जुलै

सरांना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश सापडलं. भूगर्भाचे नकाशे. मोठ्या हौसेनं सातारा जिल्हा उघडला, तर जवळजवळ सगळा एका रंगाचा : दख्खनचा बसाल्ट. पोरांची तोंडं पडली. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं एवढं कौतुक करून शेवटी एक रंग!

तेव्हा टीव्ही बंद करून पोरांना शाळेमागच्या नव्या विहिरीवर नेलं. वर माती, खाली मुरूम, मग काळा कातळ, मध्ये हातभर जाडीचा तांबडा पट्टा, परत कातळ. एक लाव्हा थिजला, त्याच्यावर उन्हापावसानं माती झाली, त्या मातीवर दुसरा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. दोन लाव्हांच्या मधला थांबलेला काळ म्हणजे तो पट्टा. विहिरीवरच्या काकांनी खिशातून पांढरे स्फटिक काढून दाखवले, ‘ह्या गारगोट्या कातळाच्या पोकळीत घावत्यात.’ एक दिला, शाळेच्या कपाटात ठेवलाय.

भूकोश यादीत ठेवलं, पण शेरा लिहिला : आधी विहीर, मग नकाशा.

३० जुलै

निसारचं उड्डाण, संध्याकाळी ५.४०. शाळा सुटल्यावर पंचवीस पोरं थांबली. इस्रोचं थेट प्रक्षेपण टाकीपाशी मोबाइलवर, तोही सरांच्या खांद्यावर धरलेला. ऐन उड्डाणाला चित्र गोल फिरत थांबलं आणि परत आलं तेव्हा रॉकेट ढगांच्या वर. तरी टाळ्या पडल्या.

नासा आणि इस्रोचा हा जोड उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच जागेचं रडारनं निरीक्षण करणार, त्यामुळे जमीन सेंटिमीटरभर सरकली तरी समजणार. शिपाई मामा ऐकत होते. म्हणाले, ‘कोयनेची पण कळंल का मग?’ उद्या भूकंप घ्यायचा ठरवला.

३१ जुलै

यूएसजीएस या अमेरिकी संस्थेची भूकंपांची यादी जगभरासाठी खुली आहे. तारीख आणि नकाशावरचा चौकोन दिला की त्यातले भूकंप येतात. नववीनं कोयनेभोवती चौकोन काढला आणि ११ डिसेंबर १९६७ टाकलं. काही नाही आलं.

‘साइट चुकलीय’ असा निकाल लगेच लागला. एकाच्या आजोबांनी तो भूकंप कोयनानगरजवळ स्वतः सोसलाय, पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते, तारीख अकराच, घरात वर्षानुवर्षं सांगितलेली. मग एकीनं दहा तारीखही घेऊन बघितली. सापडला, १० डिसेंबर, २२ वाजून ५१ मिनिटं.

कुणीच चुकलेलं नव्हतं. यादीतली वेळ जागतिक, म्हणजे ग्रीनिचची. तिच्यात साडेपाच तास मिळवले की ११ डिसेंबर, पहाटे ४.२१. आठवीचा ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’ नववीत आल्यावर समजला. या एका शोधासाठी मी तो धडा चार वेळा शिकवायला तयार आहे.

आणखी एक शिकलो. कोयनेचे बारीकसारीक धक्के या जागतिक यादीत बहुधा येत नाहीत, त्यासाठी आपलं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र बघावं लागतं. धरणाच्या पाण्यानं चाळवल्या जाणाऱ्या भूकंपांसाठी कोयना जगभर अभ्यासली जाते. कराडजवळ हजारमाचीला त्याचीच प्रयोगशाळा आहे आणि गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडून खालचा खडक तपासलाय. अमेरिकेच्या सॅन अँड्रियास या भूकंपाच्या भेगेचे व्हिडिओ ढीगभर मिळाले. कोयनेवर मराठीत शाळेच्या पोरांसाठी धड एक मिळाला नाही. सरांना म्हटलं, हा आपणच करायचा. ते ‘बघू’ म्हणाले. ‘बघू’चा अर्थ सगळ्या स्टाफला ठाऊक आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

शून्य सावली. आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पहिल्यांदा १० मेच्या आसपास, तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी. दुसऱ्यांदा आज, तर शनिवारची सकाळची शाळा साडेअकराला सुटते आणि सूर्य डोक्यावर येतो १२.३८ ला! (भारताची प्रमाण वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, आपण त्याच्या आठ अंश पश्चिमेला, म्हणून बत्तीस मिनिटं उशीर. उरलेली सहा पृथ्वीच्या लंबवर्तुळी कक्षेनं आणि कललेल्या आसानं खाल्ली.)

सतरा पोरं थांबली. वेळ काढायला भारतीय खगोल संस्थेचं ॲप मोबाइलवर घेतलं होतं. मैदानात पाण्याची बाटली, स्टीलचा पेला, पीव्हीसी पाइपचा तुकडा असं काय काय उभं केलं. १२.२० ला ढग. १२.३१ ला ढग. १२.३६ ला सूर्य दोन मिनिटं बाहेर आला आणि पेल्याची सावली पेल्याखाली शिरली. पाइपच्या आतून उजेडाचं गोल नाणं जमिनीवर पडलं. कुणीतरी ओरडलं, ‘माझी सावली कुठं गेली?’ आणि सगळी आपापल्या पायांखाली बघत उड्या मारायला लागली.

परदेशी साइटवर एक वाक्य वाचलं होतं : सूर्य कधीच थेट डोक्यावर नसतो. त्यांच्या गावात नसेल.

२३ ऑगस्ट

राष्ट्रीय अंतराळ दिन. भाषणं झाली.

८ सप्टेंबर

काल रात्री खग्रास चंद्रग्रहण. परवाच अनंत चतुर्दशी, पोरं विसर्जनानं दमलेली, शिवाय घरोघरी सूतक. मी आग्रह केला नाही, फक्त आधी स्टेलॅरियमवर सगळं ग्रहण पळवून दाखवलं होतं आणि वेळा दिल्या होत्या : ९.५७ ला सुरू, ११ ते १२.२२ खग्रास, १.२६ ला संपलं. ज्याला जमेल त्यानं वहीत काढावं.

आज नऊ वह्या आल्या. चारांत नुसते ढग काढलेत, तेही प्रामाणिक. दोघींनी चंद्र बाहेर पडताना पृथ्वीच्या सावलीची कड गोल काढलीय, एकीनं तर कंपास लावून सावलीचं वर्तुळ पूर्ण करून चंद्राशी मोजलं : पावणेतीन पट. खरा आकडाही त्याच्याच आसपास येतो. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

२३ ऑक्टोबर, दिवाळीची सुट्टी

शिक्षकांच्या ग्रुपवर तो फोटो परत आला. ‘दिवाळीच्या रात्री नासानं टिपलेला भारत’, निळा-हिरवा-लाल झगमगता. उत्तर टाकलं : हा एका रात्रीचा फोटो नाही. अमेरिकेच्या नोआ संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी शहरांचे दिवे कसे वाढत गेले ते दाखवायला १९९२, १९९८ आणि २००३ च्या नोंदी वेगवेगळ्या रंगांत एकावर एक ठेवल्यात. दिवाळीच्या पणत्यांनी अवकाशातून एवढा फरक पडत नाही. नासानं २०१२ मध्ये खऱ्या दिवाळीचा फोटो देऊन हेच सांगितलंय, तोही सोबत जोडला.

तीन अंगठे आले, आणि एका ज्येष्ठ सरांचा ‘शुभ दीपावली’ लिहिलेला तोच फोटो.

दोन्ही फोटो यादीत घेतले. नववीला शेजारी ठेवून विचारायचं, यातला दिवाळीचा कोणता?

२१ नोव्हेंबर

आभाळ अखेर मोकळं. काल अमावस्या होती. संध्याकाळी साडेसहाला मैदानात तीस पोरं, पाच पालक आणि ती आजी.

ध्रुव शोधला. लांब हात करून वळलेली मूठ साधारण दहा अंशांची. उत्तरेच्या क्षितिजापासून दोन मुठी मोजल्या, तर पावणेदोनलाच ध्रुव सापडला. म्हणजे साडेसतरा-अठरा अंश. ध्रुवाची उंची हाच गावाचा अक्षांश, हे सरांनी अंधारात तिथंच सांगितलं आणि मला वहीचं पहिलं पान आठवलं. व्हिडिओंमध्ये ध्रुव अर्ध्या आभाळावर असतो आणि सप्तर्षी कधी मावळत नाहीत. आपल्याकडे मावळतात, आज तर होतेच क्षितिजाखाली. त्यांच्या जागी शर्मिष्ठा या तारकासमूहाचा इंग्रजी एम.

आधी स्टेलॅरियममध्ये शनी मोठा करून पाहिला, तर कडी नाहीत, नुसती रेघ. पोरं म्हणाली बिघडलंय. बिघडलेलं नाही, या महिन्यात कडी आपल्याला जवळजवळ कडेनं दिसतायत.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘मिरुग कुठाय?’ अजून उगवायचा होता. साडेआठनंतर वर येईल म्हटलं. तोवर थांबल्या.

२३ डिसेंबर

खानदेशात धुळ्याला माझी डी.एड.ची मैत्रीण शिकवते. काल दोन्ही शाळांत एक मीटरची काठी ओळंब्यानं उभी केली, सूर्य मध्यावर येताना, म्हणजे साडेबाराच्या सुमाराला, सर्वांत आखूड सावली मोजायची. इरॅटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक पंडितानं पृथ्वीचा परीघ काढायला इजिप्तमध्ये जे केलं तेच. त्याला तर सायनी गावात सावलीच नव्हती, आम्हाला दोन सावल्या.

आमची साडेसत्याऐंशी सेंटिमीटर, त्यांची सत्त्याण्णव. दहावीनं त्रिकोण काढून कोन घेतले : ४१.२ आणि ४४.१. फरक २.९ अंश. गूगल अर्थवर दोन गावांचं अंतर मोजताना पोरं आधी रस्त्यानं मोजायला लागली, मग तिरकं, शेवटी समजलं की फक्त दक्षिणोत्तर धरायचं. ते ३५५ किलोमीटर. ३६० भागिले २.९ गुणिले ३५५, पृथ्वीचा परीघ ४४ हजार किलोमीटर.

चार हजार जास्त. पोरं हिरमुसली, मग भांडायला उठली : चूक धुळ्याची. फोन लावला. तिकडूनही तेच चालू होतं, चूक माणची. तीन अंशांच्या फरकात पाव अंशाची गफलत किती महाग पडते ते गणिताच्या सरांनी फळ्यावर करून दाखवलं, तेव्हा दोन्हीकडे शांतता झाली.

आज परत मोजलं. धुळ्याची जमीन किंचित उताराची निघाली, फळी टाकून सपाट केली तर सावली साडेसत्त्याण्णव आली. आमची कालच्याएवढीच. परीघ आता सव्वाएकेचाळीस हजार.

मुख्याध्यापक पेनड्राइव्ह मागायला आले होते. सोळा जीबीतली नऊ भरलीय. त्यांना सांगितलं, एक दिवस द्या, उद्या काठी ओळंब्यात पक्की करून तिसऱ्यांदा मोजायचंय. धुळ्याच्या पोरांनी आव्हान दिलंय.